बॅटरी नवी बसवली तरी बॉक्समध्ये पुन्हा ॲसिड: विमानातला परत परत येणारा स्नॅग (बिघाड)

शंभर तासांच्या इन्स्पेक्शनला बॅटरी बॉक्सचं झाकण काढलं की तळाशी ओल, टर्मिनलांवर निळसर-पांढरी पूड आणि कडेचा रंग फुगून आलेला. बॉक्स धुतला, खायच्या सोड्याचं पाणी फिरवलं, रंग मारला, नवी बॅटरी बसवली, लॉगबुकात सही झाली. पुढच्या शंभर तासांना झाकण काढलं की पुन्हा तेच. मधल्या काळात एखादा पायलट टेक लॉगमध्ये (बिघाड नोंदवायच्या वहीत) लिहून जातो की चढताना केबिनमध्ये आंबट वास येत होता आणि घसा खवखवत होता. विमान धुणाऱ्याच्या फडक्याला पोटाखालच्या रंगाचे पोपडे लागतात.

"सर, दोन बॅटऱ्या बदलल्या, तिसरी मागवू का?" असं ट्रेनी विचारतो, तेव्हा त्याला थांबवायला हवं. बहुतेक वेळा बॅटरी फुटलेली नसते आणि ॲसिड गळतही नसतं. चार्जिंगमध्ये तयार होणारा गॅस ॲसिडचे बारीक तुषार बरोबर घेऊन बाहेर पडतो, आणि बाहेर पडायची वाट नीट नसेल तर ते तुषार बॉक्समध्येच बसतात. म्हणून प्रश्न दोनच आहेत. गॅस इतका का होतोय? आणि त्याला विमानाबाहेर जायला वाट आहे का? नवी बॅटरी या दोन्ही प्रश्नांना हात लावत नाही, म्हणूनच स्नॅग परत येतो.

हे सगळं प्रामुख्याने छोट्या प्रशिक्षण विमानांतल्या २४ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीबद्दल आहे. बारामती, धुळे, नागपूरसारख्या ठिकाणी उडणारी सेसना १५२, १७२ आणि त्यांच्या बरोबरीची पायपर विमानं डोळ्यासमोर धरली आहेत. निकेल-कॅडमियमचं गणित वेगळं आहे, त्यावर शेवटी लिहिलंय.

आधी पूड कशाची ते ठरवा

पोटाखालचा प्रत्येक पांढरा डाग ॲसिडचा नसतो. १००एलएल या विमानाच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं. त्याच्या एक्झॉस्टची राखाडी-पांढरी रेघ पोटावर मागपर्यंत उमटते आणि नवखा माणूस तिलाच बॅटरीचं करोजन समजतो. जुहूसारख्या समुद्राजवळच्या एअरफिल्डवर खाऱ्या हवेनेही ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरते. म्हणून पुसण्याआधी लिटमस कागद ओला करून डागावर टेकवा. लाल झाला तर लेड-ॲसिडचा संशय पक्का. निळा झाला तर अल्कली, म्हणजे निकेल-कॅडमियम बॅटरी असलेल्या विमानातला इलेक्ट्रोलाइट किंवा एखादं साबणाचं पाणी. रंग बदललाच नाही तर बॅटरीला दोष देण्याआधी एक्झॉस्ट आणि खाऱ्या हवेकडे बघा. या कामाला दोन मिनिटं लागतात. ते न करता सोडा फिरवला की पुरावा धुऊन जातो आणि मग अंदाजावर काम चालतं.

डाग कुठून सुरू होतो तेही बघून ठेवा. ड्रेनच्या (बॉक्समधून पोटाखाली निघणाऱ्या नळीच्या) तोंडापासून मागे पसरलेला डाग म्हणजे ॲसिड ठरलेल्या वाटेने बाहेर आलं, पण जास्त आलं. बॉक्सच्या झाकणाच्या कडेने किंवा खालच्या रिव्हेटच्या ओळीतून उमटलेला डाग म्हणजे वाट सोडून आलं. पहिल्याचं कारण बहुतेक व्होल्टेजमध्ये सापडतं, दुसऱ्याचं नळीत.

गॅसचा हिशोब

बॅटरी पूर्ण चार्ज झाली की पुढचा करंट प्लेटांच्या कामाला येत नाही, तो पाणी फोडतो. एका सेलमधून १ ॲम्पिअर-तास जादा गेला की साधारण ०.४२ लिटर हायड्रोजन आणि त्याच्या निम्मा ऑक्सिजन तयार होतो. २४ व्होल्टच्या बॅटरीत असे १२ सेल असतात. म्हणजे पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत तासभर १ ॲम्पिअर जात राहिला तर सुमारे ५ लिटर हायड्रोजन, अडीच लिटर ऑक्सिजन, आणि ४ मिलिलिटर पाणी खर्च.

हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की पेटू शकतो, आणि ही पेटण्याची शक्यता ७५ टक्क्यांपर्यंत टिकते. त्याला लागणारी ठिणगी इतकी क्षुल्लक असते की कपड्यातली स्टॅटिकही पुरते. आता बॉक्सचा विचार करा. बॅटरी बसल्यावर आत समजा २ लिटर मोकळी हवा उरते. तिचे ४ टक्के म्हणजे ८० मिलिलिटर. ताशी ५ लिटरच्या वेगाने ८० मिलिलिटर हायड्रोजन तयार व्हायला एक मिनिट पुरतं. बॉक्सची नळी बंद असेल तर धोक्याच्या हद्दीत शिरायला एवढाच वेळ लागतो, आणि बॅटरी सोलेनॉइड (बॅटरी जोडणारा-तोडणारा विजेचा स्विच) त्याच बॉक्सला खेटून बसवलेला असतो. व्हेंट नळी ही डिझाइनरने कायद्यापुरती लावलेली वस्तू नाही हे या एका आकड्यावरून कळावं.

नियमही हेच सांगतो. मोठ्या विमानांसाठीच्या एफएआर २५.१३५३ या अमेरिकी नियमामध्ये बॅटरीबद्दल लिहिलंय की नेहमीच्या वापरात किंवा चार्जिंगच्या संभाव्य बिघाडातही स्फोटक वा विषारी वायू विमानात धोकादायक प्रमाणात साठता कामा नये, आणि बाहेर पडणाऱ्या द्रवाने वा वायूने आजूबाजूच्या स्ट्रक्चरचं किंवा महत्त्वाच्या उपकरणांचं नुकसान होता कामा नये. छोट्या विमानांच्या नियमांतही हाच आशय आहे. "चार्जिंगच्या बिघाडातही" हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडला हे कारण देऊन बॉक्समधला गॅस माफ होत नाही.

व्होल्टेज: जिथे बहुतेक उत्तर असतं

२४ व्होल्टच्या सिस्टीममध्ये ऑल्टरनेटरचा बस व्होल्टेज, म्हणजे सगळ्या उपकरणांना वीज वाटणाऱ्या मुख्य पट्टीवरचा (बसवरचा) व्होल्टेज, २८ च्या आसपास असतो. नेमका आकडा विमानाच्या आणि बॅटरीच्या मॅन्युअलमधून घ्यायचा. १२ सेलांवर २८ व्होल्ट म्हणजे सेलमागे २.३३. लेड-ॲसिड सेल २.३५ ते २.४ च्या पुढे गेला की गॅस जोरात सुटायला लागतो. म्हणजे आपण नेहमीच उंबरठ्याजवळ चाललेले असतो. बस २९.५ वर गेला तर सेलमागे जवळजवळ २.४६, आणि बॅटरी अक्षरशः उकळते.

इथे एक गोष्ट फार लोकांच्या ध्यानात येत नाही. २८ व्होल्टच्या सेसनांमध्ये ओव्हर-व्होल्टेज सेन्सर असतो, पण तो ऑल्टरनेटर तोडतो साधारण ३१.५ व्होल्टच्या आसपास. २८.५ ते ३१.५ या पट्ट्यात कुठलाही दिवा लागत नाही. कॉकपिटमध्ये सगळं शांत, आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) पलीकडे बॅटरी तासन्‌तास गॅस सोडतेय. "लाइट कधी आला नाही सर, म्हणजे व्होल्टेज ठीक असणार" हा निष्कर्ष त्यामुळे चुकीचा आहे.

अमीटर (करंट दाखवणारं मीटर) मात्र बोलतो. सेसनाच्या हँडबुकात लिहिलेलं आहे की साधारण तीस मिनिटं क्रूझ झाल्यावर चार्जिंगचा काटा दोन काट्यांच्या जाडीपेक्षा कमी दाखवायला हवा. लांबच्या उड्डाणात त्याहून जास्त राहिला तर बॅटरी तापेल आणि इलेक्ट्रोलाइट उडून जाईल, असंही तिथेच आहे. अडचण अशी की प्रशिक्षणात दिवसभर सर्किट (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या) चालतात. स्टार्ट, टॅक्सी, लँडिंग, पुन्हा स्टार्ट. बॅटरी कधी पुरती भरतच नाही आणि काटा वर दिसला तरी त्याचा अर्थ लागत नाही. म्हणून ही नोंद क्रॉस-कंट्रीला (दुसऱ्या गावापर्यंतच्या लांब उड्डाणाला) जाणाऱ्या इन्स्ट्रक्टरकडून मागून घ्या: तासाभराच्या सरळ उड्डाणानंतर काटा कुठे होता. तो उतरलेला नसेल तर बॅटरी शॉपमध्ये जाण्याआधी रेग्युलेटरकडे जा.

जमिनीवर मोजताना एक कळकळीची विनंती. इंजिन चालू असताना काउलिंग (इंजिनवरचं झाकण) उघडून मल्टिमीटरच्या वायरी बॅटरीला लावायला वाकू नका. प्रोपेलर हातभर अंतरावर असतो. इंजिन बंद असताना फ्यूज लावलेल्या दोन लांब वायरी पक्क्या बांधा, कॉकपिटमध्ये आणा, मग स्टार्ट करा. बस व्होल्टेज सिगार लायटरच्या सॉकेटवर किंवा पॅनेलच्या मागे बस बारवरही मिळतो. बॅटरी भरलेली हवी, इंजिन चार्जिंगच्या आरपीएमला हवं, आणि पहिल्या मिनिटाचं वाचन धरायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांनी रेग्युलेटर गरम झाल्यावर पुन्हा वाचायचं. थंड असताना २८.१ दाखवणारा रेग्युलेटर गरम झाल्यावर वर सरकलेला पाहायला मिळतो.

व्होल्टेज जास्त मिळाला म्हणून लगेच रेग्युलेटर बदलू नका किंवा त्याचा स्क्रू फिरवू नका. रेग्युलेटर बसचा व्होल्टेज एका बारीक सेन्स वायरमधून बघतो. ती वायर सर्किट ब्रेकर आणि मास्टर स्विचच्या ऑल्टरनेटरकडच्या अर्ध्यातून जाते. तिथे जुना स्विच, सैल लग किंवा काळवंडलेला कनेक्टर असेल आणि अर्धा व्होल्ट तिथेच पडत असेल, तर रेग्युलेटरला बस अर्धा व्होल्ट कमी दिसतो आणि तो आज्ञाधारकपणे बस तेवढा वर नेतो. रेग्युलेटर निर्दोष असतो, खोटी माहिती त्याला वायर देते. इंजिन बंद, मास्टर चालू ठेवून बसवरचा आणि रेग्युलेटरच्या सेन्स पिनवरचा व्होल्टेज मोजून फरक काढा. ०.२ व्होल्टच्या वर दिसला की मी आधी स्विच आणि ब्रेकर तपासतो. अमीटरचा काटा सारखा थरथरत असेल तर संशय आणखी पक्का.

दुसरं कारण बॅटरीच्या पोटात असतं. एक सेल शॉर्ट झाला तर २८ व्होल्ट बाराऐवजी अकरा सेलांवर पडतात, म्हणजे सेलमागे २.५५. उरलेले अकरा सेल उकळतात आणि आपण म्हणतो, बॅटरी खराब निघाली. इथे बॅटरी खरंच बदलावी लागते. मात्र त्याआधी प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी (हायड्रोमीटरने मोजलेली इलेक्ट्रोलाइटची घनता) वेगवेगळी लिहून ठेवा. एकच सेल खाली असेल तर दोष बॅटरीत आहे. बाराच्या बारा सेलांत पाणी कमी झालेलं असेल तर दोष विमानात आहे, आणि नवी बॅटरीही तशीच मरणार.

उन्हाचाही भाग आहे. गरम बॅटरी त्याच व्होल्टेजला जास्त करंट ओढते. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना ॲप्रनवर उभ्या विमानाच्या बंद काउलिंगमध्ये, तापलेल्या इंजिनच्या मागे बॅटरी किती तापत असेल याचा विचार करा. बॅटरीच्या मॅन्युअलमध्ये तापमानानुसार चार्जिंग व्होल्टेजचा तक्ता असतो. कडक उन्हाळ्यात त्या तक्त्यातली आणि विमानाच्या मॅन्युअलमधली परवानगी असलेली खालची मर्यादा धरणं हा साधा आणि खूप उपयोगी उपाय आहे.

पाणी आणि हायड्रोमीटर

पाणी बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर घालायचं. डिस्चार्ज असताना पातळी खाली दिसते, कोणीतरी काठोकाठ भरतो, चार्जिंगमध्ये द्रव वर येतो आणि व्हेंटमधून बाहेर पडतो. डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणीच वापरा, पिण्याच्या आरओ मशीनचं नाही. ॲसिड तर कधीच टॉप-अप करायचं नाही, कारण ॲसिड उडून जात नाही, पाणी जातं.

ग्रॅव्हिटीच्या वाचनात उन्हाळा फसवतो. पूर्ण चार्ज बॅटरीची ग्रॅव्हिटी १.२७५ ते १.३०० दरम्यान असते, पण हे २७ अंश सेल्सिअसच्या आसपासचे आकडे आहेत. त्यावरच्या प्रत्येक साडेपाच अंशांना ०.००४ मिळवावे लागतात. ४९ अंशांच्या इलेक्ट्रोलाइटने १.२६० दाखवलं तर खरं वाचन १.२७६ आहे, बॅटरी भरलेली आहे. दुरुस्ती न करता "अजून भरली नाही" म्हणून ती रात्रभर चार्जरवर ठेवली, की सकाळी ओली बॅटरी विमानात जाते आणि पुढचे चार दिवस बॉक्समध्ये ॲसिड सापडत राहतं. मग शोध विमानात सुरू होतो, दोष मात्र शॉपमध्ये होता. चार्जरवरून काढलेली बॅटरी गॅस शांत होईपर्यंत ठेवून, पुसून, कोरडी करूनच बसवावी.

व्हेंट कॅपकडेही नीट बघा. विमानाच्या लेड-ॲसिड बॅटरीच्या कॅपमध्ये शिशाचं छोटं वजन असतं. विमान सरळ असताना गॅसला वाट मोकळी राहते, विमान उलटं झालं की ते वजन भोक बंद करतं आणि ॲसिड बाहेर सांडत नाही. वजन अडकलं, कॅपखालचं वॉशर हरवलं किंवा दुसऱ्याच बॅटरीची कॅप बसवली, तर प्रत्येक तीव्र वळणात थोडं थोडं ॲसिड बाहेर येतं. स्पिन शिकवणाऱ्या विमानात हे आधी तपासायचं.

नळी: जमिनीवर बरोबर दिसते तरी

व्होल्टेज बरोबर निघाला, पाणी बरोबर, तरी झाकणाच्या कडेने ओल येतेच. मग नळीकडे वळायचं, आणि इथे घाई करू नये.

बॅटरी बाहेर काढा. बॉक्समध्ये सोड्याचं पाणी तांब्याभर ओता. खाली ड्रेनच्या तोंडातून ते धारेने यायला हवं. थेंब थेंब आलं तर नळीत काहीतरी अडकलंय. पावसाळ्यात आणि नंतर कुंभारीण माशी मातीचं घर बांधायला अशीच भोकं शोधते. आपण पिटो ट्यूबला (वेग मोजणाऱ्या नळीला) कव्हर घालतो, पण पोटाखालच्या या नळीकडे तिला मोकळं रान मिळतं. चिखलाच्या धावपट्टीवरून उडणाऱ्या विमानात मातीचा गोळा बसतो. रंगकामानंतर तोंडावर रंगाचा पापुद्रा किंवा मास्किंग टेप राहून जातो. नायलॉनची लवचीक पट्टी घालून मोकळं करा. कॉम्प्रेसरची जोराची हवा मारू नका, बॉक्समधला जोड सुटतो आणि नवा स्नॅग तयार होतो. ही नळी बाहेरून ठीक दिसली तरी उन्हाने कडक होऊन क्लॅम्पखाली चिरलेली असू शकते, म्हणून क्लॅम्प सरकवून बघा. बदलायची झाली तर पार्ट्स कॅटलॉगमधलीच घ्या, इंधनाच्या होजचा तुकडा कापून लावू नका.

यापुढचा दोष सगळ्यात छुपा. अनेक विमानांत बॉक्सला दोन नळ्या असतात, एक बाहेरची हवा आत घेणारी आणि एक गॅस बाहेर नेणारी. त्यांची तोंडं तिरकी कापलेली असतात. आत घेणाऱ्या नळीचं तोंड वाऱ्याकडे, बाहेर काढणाऱ्याचं मागे. वाऱ्याच्या ओघात मागच्या तोंडाशी दाब कमी होतो आणि गॅस ओढला जातो. दुरुस्तीनंतर कोणी बाहेरची नळी फिरवून बसवली, तर उड्डाणात वारा तिच्यातूनच आत घुसतो आणि ॲसिडचे तुषार झाकणाच्या सांध्यातून बाहेर ढकलतो. जमिनीवर ओतलेलं पाणी मात्र छान खाली येतं. म्हणून पाण्याची चाचणी पास झाली की तपासणी संपली असं समजू नका. मॅन्युअलमधली आकृती हातात धरून तोंडाची दिशा, कोन आणि पोटाखाली किती बाहेर आहे ते जुळवा. नळी विमानाच्या कातडीला (बाहेरच्या पत्र्याला) समपातळीत कापलेली असेल तर ॲसिड थेंबाने खाली न पडता पोटाला चिकटून मागे पसरतं. रंगाचे पोपडे तिथूनच सुटतात.

बॅटरी कुठे बसवली आहे यावर धोका बदलतो. सेसना १७२ मध्ये ती फायरवॉलच्या पुढे आहे, वास केबिनमध्ये सहसा येत नाही. जुन्या पायपर चेरोकींमध्ये ती मागच्या सीटखाली आहे, म्हणजे प्रवाशाच्या खालीच. तिथे झाकणाचं गॅस्केट आणि दोन्ही नळ्या हीच काय ती भिंत. सेसना १८२ मध्ये बॅटरी बॅगेज कप्प्याच्या मागे टेलकोनमध्ये (शेपटीकडे निमुळत्या भागात) असते. उड्डाणात छोट्या विमानांच्या केबिनमधला दाब थोडा कमी असतो आणि शेपटीकडची हवा पुढे ओढली जाते, त्यामुळे टेलकोनमधला वास पायलटच्या नाकापर्यंत येतो. बॅगेज कप्प्यामागच्या पार्टिशनचं सील त्यासाठी तपासायचं.

शेपटीत बॅटरी असेल तर मला सर्वांत जास्त काळजी असते ती कंट्रोल केबल्सची. एलिव्हेटर आणि रडरच्या केबल्स तिथूनच जातात. ॲसिडचे तुषार केबलच्या तारांमध्ये शिरतात आणि आतून खातात. बाहेरून केबल चकचकीत दिसते. फडकं फिरवून तुटलेली तार लागते का एवढंच बघणं इथे पुरेसं नाही. केबलचा ताण सोडून, तिला हलकेच उलट पीळ देऊन आतल्या तारा बघायला हव्यात. आत गंज दिसला तर केबल पुसायची नाही, बदलायची. बॉक्समध्ये ॲसिड सापडल्याची नोंद करून केबलची नोंद न करणारा इन्स्पेक्शन रिपोर्ट मी पूर्ण मानत नाही.

बसवताना आणि धुताना

झाकण काढल्यावर काही मिनिटं बॉक्सला हवा लागू द्या, साठलेला हायड्रोजन निघून जाऊ द्या. मास्टर बंद. आधी निगेटिव्ह केबल सोडायची, लावताना ती शेवटी. हातातली अंगठी आणि धातूचा घड्याळपट्टा काढून ठेवा. चष्मा आणि हातमोजे लागतातच.

धुण्याआधी व्हेंट कॅप घट्ट असल्याची खात्री करा, कारण सोड्याचा एक थेंब सेलमध्ये गेला तर तिथलं ॲसिड मारलं जातं. सोड्याचं पाणी फेसाळणं थांबेपर्यंत लावत राहायचं, मग साध्या पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं आणि पुन्हा लिटमस लावायचा. फेस थांबला तरी रिव्हेटच्या डोक्यांखाली आणि दोन पत्र्यांच्या सांध्यात ॲसिड उरतं. पत्र्याला पापुद्रे सुटत असतील तर रंग मारून झाकू नका. करोजन काढा, उरलेली जाडी मोजा, स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअलच्या मर्यादेत आहे का बघा, मग प्रायमर आणि ॲसिडला टिकणारा रंग. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या, म्हणजे एफएएच्या एसी ४३.१३-१बी या पुस्तकाचं ११वं प्रकरण इलेक्ट्रिकल सिस्टीमवर आहे, त्यातला स्टोअरेज बॅटरीचा भाग हे काम करणाऱ्याने वाचलेला असावा.

बॅटरी हलता कामा नये. होल्ड-डाउनचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कला, तळाचा मॅट शाबूत. दुसऱ्या बनावटीची बॅटरी बसवली आणि ती काही मिलिमीटर उंच निघाली, तर धातूचं झाकण टर्मिनलला टेकतं. म्हणून टर्मिनलवरचे रबरी बूट आणि झाकणाच्या आतलं इन्सुलेशन बसवण्याआधी बघायचं. बॅटरीचा प्रकार बदलायचा तर मंजूर डेटा हवा आणि वजन बदलत असेल तर वेट अँड बॅलन्सही. गाडीची बॅटरी हा पर्याय कोणी सुचवला तरी विचारात घेऊ नका.

सीलबंद बॅटरी बसवली की व्हेंटची गरज संपली, असं ऐकू येतं. तसं नाही. व्हॉल्व्ह-रेग्युलेटेड बॅटरीत हायड्रोजन-ऑक्सिजनचं आतच पुन्हा पाणी होतं, हे नेहमीच्या चार्जिंगपुरतं खरं. व्होल्टेज वर गेला की ते जुळणं मागे पडतं, व्हॉल्व्ह उघडतो आणि गॅस बाहेर येतोच. शिवाय गेलेलं पाणी परत भरता येत नाही. जास्त चार्ज झालेल्या अशा बॅटरीतून सडक्या अंड्याचा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. त्याचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं, म्हणून वास थांबला यावर विसंबू नका. नळ्या जागेवर ठेवा.

निकेल-कॅडमियम असेल तर

टर्बाइन विमानांत, उदाहरणार्थ अनेक किंग एअरमध्ये, १९ किंवा २० सेलांची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. तिचा इलेक्ट्रोलाइट पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली. तो मारायला बोरिक ॲसिडचं पाणी लागतं, सोडा चालत नाही. ग्रॅव्हिटी चार्जप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे हायड्रोमीटरने चार्ज कळत नाही. पाणी विमानात बसलेल्या बॅटरीत घालायचंच नाही, शॉपमध्ये चार्जिंगच्या शेवटीच. दोन्ही प्रकारांचे हायड्रोमीटर, फनेल, ब्रश, अगदी खोल्याही वेगळ्या असाव्यात. ॲसिडचा अंश या सेलमध्ये गेला की सेल संपला.

इथे खरी भीती तापण्याची. सेल तापला की त्याचा व्होल्टेज पडतो, व्होल्टेज पडला की तो जास्त करंट घेतो, आणि आणखी तापतो. यालाच थर्मल रनअवे म्हणतात. म्हणूनच इंजिन स्टार्ट करू शकणाऱ्या अशा बॅटरीसाठी नियमात चार्जिंग आपोआप आवरणारी यंत्रणा, किंवा तापमान वा बिघाड ओळखून इशारा देणारी यंत्रणा आणि बॅटरी तोडण्याची सोय मागितली आहे. टेम्परेचरच्या दिव्याचा स्नॅग "सेन्सर खराब" म्हणून पुढे ढकलण्याआधी बॅटरी उतरवून शॉपमध्ये तपासा.

लिथियम-आयनचा धडा २०१३ च्या जानेवारीत मिळाला. ७ जानेवारीला बॉस्टनला उभ्या असलेल्या बोइंग ७८७ च्या एपीयू (शेपटीतल्या छोट्या सहायक इंजिनच्या) बॅटरीला आग लागली, १६ तारखेला जपानमध्ये दुसऱ्या ७८७ ला ताकामात्सुला इमर्जन्सी लँडिंग करावं लागलं, आणि जगभरातली ५० विमानं जमिनीवर आली. त्यात एअर इंडियाची ६ होती. विमानं पुन्हा उडू लागली तेव्हा सेलांमध्ये जास्त इन्सुलेशन आणि चार्जिंगच्या मर्यादा आवळलेला चार्जर आला होता. शिवाय बॅटरीभोवती स्टेनलेस स्टीलचं बंद खोकं बसलं आणि त्यातून गॅस थेट विमानाबाहेर सोडणारी नळी निघाली. चार्जिंग आवरा आणि गॅसला बाहेरची वाट द्या, सेसना १५२ मध्येही आपण नेमकं हेच शोधत असतो.

लॉगमध्ये काय लिहायचं

"बॅटरी बॉक्स साफ केला, ठीक आढळला" या ओळीने पुढच्या माणसाला काहीच मिळत नाही. तारीख आणि हॉब्जसोबत (तास मोजणाऱ्या मीटरच्या आकड्यासोबत) हे लिहा: बस व्होल्टेज थंड आणि गरम, सेन्स पिनवरचा फरक, बाराही सेलांची ग्रॅव्हिटी आणि इलेक्ट्रोलाइटचं तापमान, कोणत्या सेलमध्ये किती पाणी घातलं, नळीची चाचणी आणि तोंडाची दिशा, केबल तपासली की नाही. पाण्याचा आकडा विशेष जपून ठेवा. १२ सेलांना मिळून ४ मिलिलिटर म्हणजे साधारण १ ॲम्पिअर-तास जादा चार्ज. दोन इन्स्पेक्शनमधल्या पाण्यावरून ओव्हरचार्ज किती झाला ते काढता येतं, आणि रेग्युलेटर बदलल्यावर तो आकडा खाली आला का तेही कळतं. आकडा खाली आला नाही तर नवी बॅटरी मागवण्याआधी पुन्हा सेन्स वायरपाशी जा.